कॅप्टनसाहेबांचा आकडा

कॅप्टन एलिसेओ उर्रेहोला भितो, असं अंगोलच्या घोडदळात कोणी म्हटलं असतं तर म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. देशाच्या वतीने ब्यूनोस आइरेसला आणि लिमाला अडथळ्यांवरून घोडा उडवून आलेला. घरात चषक इतके, की बायकोने वैतागून अर्धे कपाटावर चढवले होते आणि एकात कांदे ठेवले होते. पण ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी बूट चढवताना त्याच्या पोटात गोळा आला होता. तो गोळा नवा नव्हता. गेलं वर्षभर तो रोज सकाळी बुटांबरोबरच यायचा.

भीती एक असती तर निभावलं असतं. इथे दोन होत्या. पहिली होती डाव्या बुटात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये घोडा अंगावर पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला आणि खुबा कायमचा आखडला. ही गोष्ट वैद्यकीय मंडळाला कळली असती तर घोडा सुटला असता आणि कॅप्टनला उरलेली नोकरी कोठारात ब्लँकेटं मोजत काढावी लागली असती. तेव्हा त्याने गावातल्या चांभाराकडून बुटाच्या आत बुचाचा जाड थर बसवून घेतला, डॉक्टरांपुढे ताठ चालून दाखवलं आणि पास झाला. चांभार आणि बायको क्लोरिंदा, एवढ्या दोघांनाच ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसरी भीती याहून वाईट होती, कारण ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती. पुन्हा घोड्यावर बसू लागल्यापासून जोडअडथळ्यांवर त्याचं काहीतरी बिघडत होतं. एका अडथळ्यावरून उतरून दुसऱ्याकडे जाताना घोडा उडी घेण्याआधीच त्याच्या फार जवळ जाऊन पोचायचा, दांड्या पाडायचा, कधी चक्क थांबायचा. कॅप्टनने त्याचा अर्थ लावला तो असा, की आपली हिंमत गेली, आपल्या हातांतली भीती घोड्याला कळते. वीस वर्षं शूर म्हणवून घेतलेल्या माणसाला एकदा हे वाटलं की दुसरं काही सुचत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

आता या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. शर्यतीआधी अधिकारी मैदानात पायी उतरतात आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. एक पाऊल म्हणजे एक मीटर. त्यावरून घोड्याच्या ढांगा किती पडतील, त्याला दाबायचं की सोडायचं, ते ठरतं. सैनिकी शाळेत असताना मीटर-मीटरवर दोऱ्या बांधून त्यांच्याकडून हे पाऊल घोटून घेतलेलं असतं. पुढे वय वाढतं, पोट सुटतं, पाऊलही सैल होतं. एलिसेओचं झालं नव्हतं. मेसमध्ये दारूच्या बाटलीवर पैज लावून लोक त्याचे डोळे बांधायचे, आणि हा शंभर पावलं चालून बरोबर खडूच्या रेघेवर बूट टेकवायचा. तेव्हापासून रेजिमेंटमध्ये पडलंच, की मोजायचं ते कॅप्टनसाहेबांनी, आणि धाकट्यांनी त्यांचा आकडा घेऊन घोड्यावर बसायचं. त्यांच्यामागून कोणी स्वतः मोजायला जाणं म्हणजे सासऱ्याने दिलेल्या शब्दावर सहीशिक्का मागण्यासारखं होतं. अपघातानंतर पैजेचा विषय निघाला की कॅप्टन हसून म्हणायचा, आता पोरखेळाचं वय राहिलं नाही. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला स्वतःलाही नाही.

त्या दिवशी रेजिमेंटचे तिघे उतरणार होते. आधी लेफ्टनंट रेमिहिओ, मग लेफ्टनंट ब्रिओनेस, शेवटी कॅप्टन. रेमिहिओ म्हणजे क्लोरिंदाचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा, हसरा आणि बहिणीच्या हातच्या खिमा भरलेल्या एम्पनाडांवर वाढलेला. ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी तो अशाच एका जोडअडथळ्यावर पडला होता. कॅप्टनच्या आकड्यावर जात होता, शेवटच्या क्षणी घाबरून त्याने लगाम खेचला, घोडा अडखळला आणि याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. कॅप्टनने त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. आकडा दिल्यावर लगाम ओढणारा माणूस घोडदळात नको, पोस्टात हवा, असं तो म्हणाला होता. खरं तर तो स्वतःलाच बोलत होता, पण ऐकून घेतलं रेमिहिओने. बिचारा महिनाभर घरी जेवायला आला नाही.

त्या सकाळी निघताना क्लोरिंदा दारापर्यंत आली. ती फार बोलणारी बाई नव्हती. नवऱ्याच्या कॉलरवरचा नसलेला दोरा काढत ती म्हणाली, "त्याला धडधाकट परत आण. तुम्हा दोघांना मागच्या वेळेस मीच उचललंय, आता पुन्हा अंगात ताकद नाही."

त्याने हो म्हटलं आणि तो निघाला.

मैदानावर वारा होता. आलामोच्या उंच झाडांची रांग सारखी सळसळत होती, मांडवात गिटार वाजत होती आणि बायका टोप्या धरून बसल्या होत्या. कॅप्टनने सहा अडथळे झटपट पाहिले. सातव्या-आठव्याशी मात्र तो थबकला. सातवा दांड्यांचा बांध, आणि त्याच्यासमोर सरळ रेषेत आठवी ती भिंत. विटांसारखी रंगवलेली, पण आतून वाळूने भरलेल्या पेट्यांची. दांडीला घोड्याचा पाय लागला तर दांडी पडते. ही भिंत पडत नव्हती. तिच्यावर छातीने आदळणाऱ्या घोड्याचं आणि वरच्या माणसाचं काय होतं, ते कॅप्टनने दोनदा पाहिलेलं होतं.

त्याने बांधाला पाठ लावली आणि मोजलं. तेवीस.

तेवीस म्हणजे अडचणीचा आकडा. सहा ढांगांना कमी, पाचांना जास्त. त्याने बराच विचार केला आणि दोघांना जवळ बोलावून सांगितलं, की पाचच, पण लांब. बांधावरून उतरलात की टाच मारा आणि घोडा पळवा. कचरलात तर भिंत खाईल.

ब्रिओनेसने मान हलवली आणि तो ओठांतल्या ओठांत आकडा घोकू लागला. रेमिहिओ मात्र हसला. "या वेळी लगामाला हात लावला तर पोस्टात अर्ज मीच नेऊन देतो, दाजी."

"मैदानावर दाजी नाही," कॅप्टन म्हणाला.

"बरं, कॅप्टनसाहेब. पोस्टात गेल्यावर दाजी."

घोड्यांच्या तळावर सार्जंट सोइलो खोगीर आवळत होता. पन्नाशीचा, बसक्या नाकाचा, कॅप्टनचे घोडे आणि कॅप्टनचे बूट दोन्ही तोच सांभाळायचा. पट्टा ओढता ओढता, वर न बघता, त्याने विचारलं की साहेबांनी सातव्या-आठव्यात किती मोजले. कॅप्टनने सांगितलं. सार्जंट काही वेळ पट्ट्याशीच झटत राहिला. मग हळूच म्हणाला, की आपण कठड्याबाहेरून बघत होतो. कठड्याचे पांढरे खांब सरळ शर्यतीसाठी दहा-दहा मीटरवर पुरलेले आहेत, आणि साहेब एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत अकरा पावलांत पोचत होते.

"खांब चुकले असतील," कॅप्टन म्हणाला.

"असतील, साहेब. मी अडाणी माणूस. पण बूट मीच पुसतो. डाव्या बुटात काय आहे ते मला वर्षभर ठाऊक आहे." सार्जंटने आता वर पाहिलं. "मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही. पण तुम्ही आखूड पडता, साहेब."

कॅप्टनच्या पायाखालची जमीन सरकली, आणि अशा वेळी माणसं करतात तेच त्याने केलं. तो चिडला. सार्जंटला त्याने त्याची जागा दाखवली, चार शब्द असे बोलला की ते मी इथे लिहीत नाही, आणि तरातरा निघून गेला. निघून गेला तो मात्र कठड्याकडे.

पहिल्या खांबाशी तो थांबला. कोणी बघत नव्हतं. त्याने पाऊल टाकलं, शाळेत घोटलेलं, वीस वर्षं न चुकलेलं ते पाऊल. आठ, नऊ, दहा. खांब अजून पुढे होता. अकरा. तो पुढच्या खांबापर्यंत गेला. पुन्हा अकरा. उजवा पाय आपला मीटर टाकत होता. डावा खुब्यापासून आखडून मागेच राहत होता आणि त्याला त्याची जाणीवसुद्धा होत नव्हती.

मग तेवीस म्हणजे एकवीस. एकवीस म्हणजे पाच सरळ, साध्या ढांगा. टाच मारायचं कामच नाही. टाच मारली तर घोडा भिंतीच्या थेट बुडाशी जाऊन पोचेल, आणि तिथून कुठल्याही घोड्याला उडी घेता येत नाही.

माणसाला अशा वेळी आधी काय आठवेल ते सांगता येत नाही. कॅप्टनला ऑगस्ट आठवला. त्या दिवशी रेमिहिओने लगाम ओढला म्हणून त्याचं नुसतं हाड मोडलं. नसता ओढला तर मान मोडली असती. आणि आपण त्याला पोस्टात पाठवत होतो. वर्षभर आपण स्वतःला भित्रा समजत होतो. हिंमत जागेवर होती, चुकत होतं ते पाऊल. हे कळल्यावर खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच वेळी घंटा झाली, आणि भोंग्यातून लेफ्टनंट रेमिहिओचं नाव पुकारलं गेलं.

त्याचं तपकिरी घोडं, पुएल्चे, मैदानात शिरलं होतं. रेमिहिओने परीक्षकांना सलाम केला. कॅप्टनने हाक मारली, पण वारा उलटा होता आणि गिटार थांबली नव्हती. पहिला अडथळा रेमिहिओने फुलासारखा पार केला.

आता एकच उपाय होता. मैदानात उतरायचं. पण स्वार फिरत असताना पायी माणूस आत शिरला की तो स्वार स्पर्धेतून बाद, आणि शिरणाऱ्याला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागणार. कारण एकच होतं. दुसरा अडथळा झाला. कॅप्टनचे हात कठड्यावर होते आणि ते सुटत नव्हते. त्याच्या मनात नको नको ते येऊ लागलं. पुएल्चे शहाणं जनावर आहे, ते स्वतःच सावरून घेईल. खांब कदाचित खरंच चुकले असतील. रेमिहिओ घाबरून पुन्हा लगाम ओढेल. आपण ज्याला भित्रा म्हटलं त्याने आता भित्र्यासारखं वागावं म्हणून तो देवाची प्रार्थना करत होता. तिसरा अडथळा झाला. चौथा झाला. चौथ्याला पुएल्चे जरा डगमगलं आणि रेमिहिओने लगामाला बोटही लावलं नाही, हे कॅप्टनने पाहिलं. तो या वेळी ओढणार नव्हता. त्याने शब्द दिला होता.

कॅप्टन कठड्याखालून आत घुसला आणि पळत सुटला.

वर्षभरात तो पळाला नव्हता. चालणं लपवता येतं, पळणं येत नाही. डावा पाय फरफटत होता, खांदा वर-खाली होत होता, आणि मांडवातली माणसं उठून उभी राहत होती. ते त्याला दिसत होतं आणि कसलीच पर्वा वाटत नव्हती. त्याला फक्त टापा ऐकू येत होत्या. पाचवा. सहावा. आपण पोचणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. रेमिहिओ कोपऱ्यावरून वळला आणि बांधाच्या रेषेत आला तेव्हा कॅप्टन कसाबसा बांध आणि भिंत यांच्या मधोमध पोचला, दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि परेडच्या आवाजात ओरडला, "थांब!"

घोडा सरळ त्याच्यावर येत होता. सहाशे किलोचं जनावर बांधापलीकडून अंगावर येताना कसं दिसतं ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं, कारण त्याची मांडी तशीच मोडली होती. त्याने डोळे मिटले. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून मी लिहितो.

रेमिहिओने पुएल्चेचं तोंड सगळ्या जोराने वळवलं. घोडा बांधाला घसटून बाजूने गेला आणि दोन दांड्या खाली आल्या.

रेमिहिओ उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. तो जवळ आला आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दाजी, ऑगस्टमधला राग अजून गेला नाही का तुमचा?"

कॅप्टनला धाप लागली होती. तो उत्तर देणार तोच कर्नल बासुआल्दो दोन परीक्षकांना घेऊन आला. कर्नल वयस्कर, गुबगुबीत आणि रेजिमेंटच्या नावाला जपणारा माणूस होता. शेजारच्या रेजिमेंटचे लोक मांडवात बसलेले असताना आपला उत्तम स्वार वेड्यासारखा मैदानात धावला, याने तो लालबुंद झाला होता. हा काय प्रकार आहे, असं त्याने विचारलं.

"आकडा चुकलाय, साहेब," कॅप्टन म्हणाला.

"कोणाचा?"

"माझा."

कर्नलला हे पटेना. कॅप्टनचा आकडा चुकतो, हे त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि अशा ठिकाणी ऐकायची त्याची तयारीही नव्हती. त्याने परीक्षकांकडे पाहिलं, मग रेमिहिओला हुकूम केला, की तू मोज.

रेमिहिओने बांधाला पाठ लावली आणि तो चालू लागला. कॅप्टनची नजर त्याच्या बुटांवर होती. तरुण, सरळ, शाळेतलं पाऊल. तो मनात त्याच्याबरोबर मोजत गेला; बाकी कोणी मोजत नव्हतं. एकविसाव्या पावलाला रेमिहिओचा बूट भिंतीला लागला.

भिंतीवर हात ठेवून त्याने वाळूची पेटी दाबून पाहिली. मग मान वळवून कॅप्टनच्या डाव्या पायाकडे बघितलं. आत्ताच त्याने त्या पायाला फरफटताना पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ऑगस्टसह सगळा हिशेब त्याला लागला आहे. तो परत आला, कर्नलपुढे टाच जुळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तेवीस, साहेब. कॅप्टनसाहेबांचा आकडा चोख आहे. मीच वाकडा येत होतो, म्हणून त्यांनी अडवलं."

कर्नलने सुटकेचा श्वास टाकला. मनाजोगतं झालं होतं. लेफ्टनंट बाद झाला, त्याचं काय, लेफ्टनंट बाद होतच असतात. तो परीक्षकांशी हसून काहीतरी बोलला आणि पुढच्या स्वाराला पाठवा म्हणून त्याने फाटकाकडे हात केला.

कॅप्टनलाही सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. थंडीत कुडकुडलेल्या माणसाला गरम सूप मिळावं तसं ते त्याच्या अंगात उतरलं. मेहुणा जिवंत होता. बूट होता तिथे होता. उद्यापासून दर अकरा पावलांतून एक वजा करायचं, बस्स, एवढं गणित कोणालाही येतं. घोडा राहील, पगार राहील, क्लोरिंदाला माहेरी मान खाली घालावी लागणार नाही. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायची त्याला वर्षभराची सवय होती.

फाटकातून ब्रिओनेस आत येत होता. हनुवटीखालचा पट्टा आवळत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. तो तेवीस घोकत होता. आता तर कर्नलसमोर मोजून पक्का झालेला तेवीस.

"एकवीस आहे, साहेब," कॅप्टन म्हणाला.

कर्नलचं हसू मावळलं. एक अधिकारी तोंडावर खोटं बोलला असं तुझं म्हणणं आहे का, असं त्याने अगदी हळू विचारलं. तो प्रश्न नव्हता. ती शेवटची संधी होती, आणि ती कॅप्टनला कळली. रेमिहिओ मान हलवून नको नको म्हणत होता.

"माझ्यासाठी बोलला तो," कॅप्टन म्हणाला. "माझा पाय आखूड आहे. गेल्या वर्षापासून. मंडळापासून मी लपवलं. आणि त्या पायाच्या आकड्यावर मी याला दोनदा मारायला निघालो होतो."

सगळ्यांनी त्याच्या डाव्या बुटाकडे पाहिलं. मग कर्नल म्हणाला, "चालून दाखव."

कॅप्टनने बांधाला पाठ लावली. मांडवात शंभर-दोनशे माणसं होती, शेजारच्या रेजिमेंटचे अधिकारी होते, त्यांच्या बायका होत्या. डॉक्टरांपुढे चालताना त्याने जसा दम धरला होता तसा आता धरला नाही. पाय पडेल तसा पडू दिला. तो लंगडत गेला आणि मोठ्याने मोजत गेला. एकविसाव्याला तो थांबला. भिंत अजून दोन पावलं लांब होती, आणि ती दोन पावलं मैदानातल्या प्रत्येकाला दिसत होती. ब्लँकेटांचं कोठार त्याला स्पष्ट दिसत होतं, त्यातला कुबट वाससुद्धा येत होता. त्याने बावीस म्हटलं, तेवीस म्हटलं आणि भिंतीला हात लावला.

मागे वळला तेव्हा कर्नल त्याच्याकडे बघत नव्हता. फाटकापाशी ब्रिओनेस घोड्यावरून उतरला होता. त्याने लगाम सार्जंट सोइलोच्या हातात दिला, कोणाची परवानगी न विचारता बांधापाशी आला, पाठ लावली, आणि स्वतःच्या पावलांनी मोजू लागला.